दोन नंबरचा फॉर्म

वखार भागात, हळदीच्या एका जुन्या पेढीच्या माडीवर
माझं ऑफिस. इथं फायलींनाही
पिवळा वास येतो.

जुलैची तीस तारीख. आयर्विन पुलाखाली पाणी एकोणतीस फूट,
पोर्टल सकाळपासून गोल गोल फिरतंय,
तौफीक एकेकाला फोन लावून ओटीपी मागतोय
आणि लोक त्याला लुच्चा समजून
शिव्या घालतायत.

अशात मगदूमबाई आल्या.
रत्नप्रभा मगदूम, जिल्हा परिषदेची शाळा, सव्वीस वर्षं.
दरवर्षी त्यांचं काम चहा निवायच्या आत उरकतं:
पगार, एक घर, बँकेचं व्याज.
फॉर्म एक.
त्याचं नावच सरकारनं ठेवलंय, सहज.

या वर्षी पिशवीतून आणखी एक कागद निघाला.
हळदीची पट्टी.
हमाली वजा, तोलाई वजा, अडत्याची तिरकी सही,
आणि वर, माल कोणाचा त्या रेघेवर,
त्यांचं नाव.

"समडोळीला दहा गुंठे. वडलांच्या वाटणीतले.
हक्कसोडीवर सही कर म्हणत होते भाऊ.
नाही केली."

मी पट्टी पालथी ठेवली.
म्हटलं, बाई, सहजमध्ये शेती बसते,
पण पाच हजारांपर्यंत.
त्याच्यापुढं एक रुपया गेला की सहज संपलं.
दहा गुंठ्यांचं कोण बघतंय,
उद्या शेवटची तारीख आहे.

त्यांनी पट्टी पुन्हा उताणी केली.
वर्गात एखाद्या पोराची वही करावी तशी.
"मग कुठला भरायचा?"

"दोन नंबरचा."

दचकल्याच.
"दोन नंबरचं काही नाही हो माझं. सगळं पट्टीवर आहे."

हसू आवरून मग सांगत बसलो.
एकाला सहज म्हणतात, चाराला सुगम,
दोनाला नाव नाही, नुसता आकडा.
पानं पुष्कळ, निम्मी आपण मोकळीच सोडायची.
हळदीवर कर नाही,
पण पगाराच्या अंगाला ती थोडी लागते,
दर ठरवताना मोजतात.

"लागू दे की."

खर्च सांगा म्हटलं. डोळे मिटून सांगत गेल्या:
बेणं, शेणखत, भर लावायची मजुरी,
काढणी, शिजवण, पॉलिश.
मध्येच थांबल्या.
"आणि रविवारी मी जाऊन भांगलते, ते?"
स्वतःच्या हाताला रकाना नाही, मी म्हणालो.
इतकी वर्षं मी हे फॉर्म भरतोय,
हे वाक्य पहिल्यांदाच तोंडून निघालं होतं.

निव्वळ अठ्ठेचाळीस हजार दोनशे.
आकडा चौकटीत बसला. त्या खुर्ची ओढून
स्क्रीनजवळ आल्या.

"गट नंबर कुठं लिहायचा?"

"विचारत नाहीत.
पाच लाखांवर गेलं तरच विचारतात,
जिल्हा, पिनकोड, जमीन किती,
पाण्याखालची की पावसावरची."

बराच वेळ त्या चौकटीकडं बघत राहिल्या.
"म्हणजे साडेचार लाख कमी पडले,"
म्हणाल्या, आणि थोडं थांबून,
"अठराशे जास्तच."

गणिताच्या बाई.

पोर्टल सव्वासातला सुटलं. पोच आली.
मी सगळं छापायला लावत होतो,
पगाराचं पान त्यांनी हातानं बाजूला सारलं,
व्याजाचंही.
करमुक्त उत्पन्नाचं तेवढं द्या, म्हणाल्या,
त्याच्या दोन प्रती.
दुसरी कोणासाठी, मी विचारलं नाही.
फीचे दोनशे जास्त झाले होते,
तेही सांगायचं राहिलं.

खाली पेढीवर कोणीतरी पोत्यावर पोतं टाकत होतं,
माडी दर वेळी थोडी हलत होती.
तौफीकनं पुढचा नंबर फिरवला,
नमस्कार, ओटीपी आला असेल बघा,
आणि तिकडून पुन्हा
तेच.